कितवी पिढी

शिओरीच्या घरात भिंतीवर एक फळी आहे.
तिच्यावर पंधरा नावं, एकाखाली एक.
खरं तर नाव एकच, पंधरा वेळा लिहिलेलं.
सोळावी ती. तिची जागा अजून कोरी,
कारण मुलगी चाकावर बसली
हे तिच्या काकांना पटायचं आहे.

मी तिथं दोन वर्षं पांढरी माती मळली.
माती कसली, दगडच तो,
कुटून, गाळून, निवळून
हाताला साय लागावी तसा झालेला.
पहिल्याच महिन्यात एक उंच पाकळी उभी केली.
ती जरा डावीकडं कलली.
बोटानं सरळ केली, कुणाला कळलं नाही.
भट्टीत तेराशे अंशांवर
तिला तिचं कलणं आठवलं.
शिओरीनं ती बाहेर काढली, फिरवून बघितली
आणि माझंच बोट धरून हसली.

घरामागं त्यांची टेकडी आहे, फुटक्यांची.
चारशे वर्षांत जे जे बिघडलं ते तिथं टाकलं.
आता त्यातले तुकडे काचेत ठेवायला
लोक रांगेनं मागायला येतात.

आमच्या गंगावेशीत काही उरत नाही.
माठ दोन उन्हाळे. सुगडं हळदीकुंकवापुरती.
मर्तिकाचं मडकं तर घाटावर मुद्दाम फोडायचं,
मागं वळून बघायचं नाही.
गणपती पाण्याचे, पाण्यात.
तात्या म्हणतात,
"टिकलं असतं तर आपण खाल्लं काय असतं?"

मी परत आले ते एक खोकं घेऊन,
आत गवताच्या घरट्यात माझी एक पांढरी वस्तू.
तात्यांनी ती मांडीवर घेतली,
माठ वाजवतात तशी बोटाच्या पेरानं वाजवली,
कान लावला.
"भाजलंय झ्याक. तोंड कुठं हाय?"
"तोंड न्हाई, तात्या."
"मग पाणी?"
"पाणी न्हाई."
बराच वेळ ते तिच्याभोवती बोट फिरवत राहिले,
कुठं तरी असेलच या आशेनं.

आईनं काही विचारलं नाही.
तिनं तीस वर्षं माती तुडवली,
लीद कालवली, राख चाळली, सुगडांना काव दिली.
चाकाला हात लावला नाही, बाईनं लावू नये म्हणून.
एकदा लावला होता, मला सांगितलं तिनं,
दुपारी, सगळे झोपलेले असताना.
फिरवलं नाही. नुसता ठेवला.

ओसाकाच्या प्रदर्शनाचा अर्ज आला.
घराण्याचं नाव : वडणगेकर.
पिढी कितवी :
तात्यांना विचारलं. त्यांनी बोटं मोजली.
"मी. माझा बा. त्येचा बा सटवाजी."
तिसऱ्या बोटावर थांबले.
"त्येच्या आधी कोण?"
"त्येच्या आधी चाक हुतं की."
अर्जात चाक लिहिता येत नव्हतं.
"भरतो नंतर," मी म्हटलं.

मग गॅसच्या भट्टीचा पाया खणायला घेतला,
परसात, नळाच्या अलीकडं.
गुडघाभर खोलीवर पहार करकरली.
दगड नव्हता. खापऱ्या.
काळ्या, तांबड्या, मध्ये राखेची रेघ, पुन्हा काळ्या,
चिरलेल्या कांद्यासारख्या, पदर खाली पदर.
इतकी वर्षं आम्ही त्यांच्यावर कपडे वाळत घालत होतो.

तात्या खड्ड्यात उतरले.
एक काठ उचलला, धोतराच्या सोग्यानं पुसला.
काठाखाली अंगठ्याची खळी होती,
माठ उतरवताना तात्या अजून देतात तशी,
तिथंच, तेवढ्याच तिरकी.
"आपलाच हात," ते म्हणाले
आणि आपला अंगठा त्यात ठेवला.

बसला नाही.
दुसऱ्या हाताचा ठेवून बघितला.
खळी लहान होती.

ते माझ्याकडं बघतील असं मला वाटलं.
त्यांनी खापरी वर केली ती आईच्या दिशेनं.
आईनं ओले हात पदराला पुसले,
खापरी घेतली, अंगठ्यानं चाचपली,
जणू भाकरीचं पीठ सैल झालंय का बघावं,
म्हणाली, "चहा टाकायचाय,"
आणि खापरी घेऊनच आत गेली.